चाचणीचा परिच्छेद

दाताच्या दवाखान्यात माझा नंबर सातवा होता आणि आत तिसरा पेशंट विव्हळत होता, म्हणून मी फोन काढला. वाचण्यासाठी नाही. वाचनाच्या ॲपची नवी आवृत्ती आली होती, आणि अशा वेळी मी बांधलेली जुनी ई-पुस्तकं एकेक उघडून बघते. ओळींमधलं अंतर टिकलंय का, प्रकरणाचं नाव पानाच्या तळाशी एकटंच लटकतंय का, एवढंच. मरुदनायगम सारांचं, म्हणजे माझ्या एका वयस्कर ग्राहकाचं, पुस्तक उघडलं, अनुक्रमणिका तपासली आणि शेवटच्या पानावर गेले. शेवटच्या परिच्छेदाखाली बारीक ठिपक्यांची रेघ होती आणि कडेला लहान अक्षरांत लिहिलं होतं, ३१२ जणांनी हे अधोरेखित केलं आहे. मी परिच्छेद वाचला. तो सारांचा नव्हता. तो माझा होता.

‘संध्याकाळी खिडकी लावली की खोली एका माणसाइतकी होते. दिवसभर ती जरा मोठी असते. कुणी येणार नाही हे माहीत असतं, तरी जिन्यात पावलं वाजली की श्वास थांबतो आणि पावलं वरच्या मजल्यावर गेली की सुटतो. दिवसातून चार-पाचदा असं होतं. याला कुणी वाट पाहणं म्हणणार नाही. औषधाची बाटली अर्धी आहे.’

हा मजकूर मी सहा वर्षांपूर्वी एका दुपारी लिहिला, वीसेक मिनिटांत. तेव्हा मी नुकतीच तरमणीच्या कंपनीतून बाहेर पडले होते. तिथे एकोणीस वर्षं मी परदेशी नियतकालिकांमधली रासायनिक समीकरणं जुळवली. बाण कुठे, आकडा किती खाली, कंस कुठे बंद होतो. एम.एस्सी.ला शिकलेलं रसायन मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांमध्ये नीट बसवत होते. मग ते काम एक प्रोग्रॅम करू लागला आणि आमचा विभाग बंद झाला. मी नंगनल्लूरच्या घरी बसून, स्वतःच स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या लोकांसाठी ई-पुस्तकं बांधायला लागले. निवृत्त पोस्टमास्तर, भूगोलाच्या बाई, तीन डॉक्टर. बहुतेकांनी मजकूर जुन्या तमिळ फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो नव्या पद्धतीत बदलताना अक्षरं कधी गळतात, कधी एकमेकांवर चढतात. म्हणून प्रत्येक फाइलच्या शेवटी एक चाचणीचा परिच्छेद लावायचा. त्यात भाषेतली सगळी अक्षरं हवीत, क्वचित लागणारीही. तेवढा परिच्छेद सगळ्या पडद्यांवर नीट दिसला की बाकीचं पुस्तक नीट आहे असं समजायचं. कंपनीत यासाठी कुणीतरी लिहिलेला एक बागेतल्या पोपटाबद्दलचा मजकूर होता. घरी आल्यावर मला पोपट नकोसा झाला. मी आपली अक्षरं गोळा करत लिहीत गेले. ‘औ’ कुठेच येईना, तेव्हा समोर औषध दिसलं. अक्षरं पूर्ण झाली तिथे परिच्छेद थांबवला, म्हणून तो तसा मध्येच तुटल्यासारखा संपतो. वाचणाऱ्यांना बहुधा तेच आवडलं असावं.

सातवा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं आणि मला बरं वाटलं, कारण तोंड उघडं असताना बोलावं लागत नाही. दिव्याकडे बघत मी चूक शोधत राहिले. चाचणीच्या परिच्छेदाला वेगळी शैली, म्हणजे मजकुराला लावायची एक खूण, दिलेली असते, आणि पुस्तक बाहेर काढण्याआधी एक आज्ञा दिली की त्या शैलीतलं सगळं आपोआप गळून पडतं. सारांच्या फाइलमध्ये समास फार वेडेवाकडे होते. सात प्रकरणं, प्रत्येकाचा समास वेगळा. वैतागून मी सगळा मजकूर निवडून एकदम मूळ शैलीत आणला असणार, आणि सगळ्यात माझा परिच्छेदही होता. मग तो गळला नाही. शेवटी तपासणीचा प्रोग्रॅम चालवला तेव्हा त्यानं सांगितलं होतं : दोष शून्य. तो फक्त डब्यांची झाकणं लागली आहेत का ते बघतो, आत काय भरलंय ते बघत नाही. मीही बघत नाही. मी बांधलेलं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. वाचायला लागलं की मांडणी दिसेनाशी होते.

चूक सापडली की ती दुरुस्त करायची, एवढी शिस्त माझ्या हाताला आहे. दहा मिनिटांचं काम होतं. सारांना कळवायचं, परिच्छेद काढायचा, नवी फाइल चढवायची. मी तीन दिवस ते केलं नाही. सकाळी दूध तापवताना तीनशे बारा हा आकडा मनात यायचा. आमच्या गल्लीत तेवढी माणसं नसतील. मी त्यांना एकेक करून बघायचा प्रयत्न केला. कुणी कोइमतूरचा, कुणी आखातात राहणारी नर्स. कुणीतरी अभिप्रायात लिहिलं होतं, ‘शेवटच्या परिच्छेदापायी माझा स्टॉप गेला, दोन किलोमीटर चालत परत आलो.’ ते वाचून मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली, कुणी दाराच्या फटीतून बघावं तशी. आई गेल्यापासून माझं बोलणं दुधाच्या बूथवर, भाजीवाल्याशी आणि ईमेलवर, एवढंच. त्यात ‘मला’ हा शब्द क्वचित येतो. आणि इथे माझी खिडकी, माझा जिना तीनशे बारा लोकांनी बोटानं ओढून खुणा करून ठेवला होता, दुसऱ्याच्या नावाखाली. मला ते परत हवं होतं का, हे मला नीट ठरवता येईना. एवढं मात्र दिसत होतं की परिच्छेद काढला तर तो मी एकटीच वाचणार.

चौथ्या दिवशी सारांचाच फोन आला.

“कोदैम्मा, जेवलीस का?”

“जेवले, सार.”

“काय जेवलीस? दहीभात. मला आवाजावरून कळतं. ऐक, दुसरी आवृत्ती करायचीय. आठवं प्रकरण लिहून झालंय, हातानं. टाइप करायला आता घरात कुणी नाही.”

“फोटो काढून पाठवा ना, मी करते.”

“फोटोबिटो मला जमत नाही, मोतीबिंदू काढलाय परवा. तू ये. आणि तो शेवटचा परिच्छेद आहे ना, त्याबद्दलही बोलायचंय.” मग जरा थांबून, “फोनवर नको.”

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन क्रोमपेटला गेले. पिशवीत पुरावा होता, म्हणजे माझ्या जुन्या फाइली, तारखांसकट. बसमध्ये मी वाक्य जुळवत होते. ‘सार, माझ्याकडून एक चूक झाली आहे.’ एवढं वाक्य पुरेसं होतं. त्यात कर्ता आहे, कर्म आहे, क्षमा मागायची असेल तर जागाही आहे. दार त्यांच्या मुलीनं उघडलं, तेन्मोळीनं. माझ्याच वयाची, शाळेत गणित शिकवणारी, हाताला खडू लागल्यासारखी सारखी बोटं पुसणारी. “या अक्का, या. सकाळपासून तीनदा विचारून झालंय, कोदै आली का. मी म्हटलं, अप्पा, ती काय ट्रेन आहे?”

सार खुर्चीत होते, डोळ्यांवर हिरवा चष्मा. तूत्तुक्कुडीच्या मिठागरांवर मीठ खात्यात तेहेतीस वर्षं, शेवटी प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांचं पुस्तक मिठाबद्दल आहे एवढं मला माहीत होतं. कॉफी आली. त्यांनी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ती उंचावरून ओतली. न बघता, एक थेंब न सांडता. मग म्हणाले, “मी घाबरलो होतो. चार महिन्यांपूर्वी एका वाचकानं फोन करून सांगितलं, सार, शेवट वाचून रडलो. मी म्हटलं, कसला शेवट? माझा शेवट तर मॅग्नेशियमवर आहे. तेन्मोळीकडून वाचून घेतलं. मी ते लिहिलेलं नाही, कोदैम्मा. मला वाटलं, झालं, डोकं गेलं आपलं. मग उमगलं.”

मी ‘सार, माझ्याकडून’ इतकं म्हणालेही असेन. त्यांना ऐकू गेलं नाही.

“सौंदरवल्लीनं लिहिलंय ते. सगळं पुस्तक तिनंच टाइप केलं. मी लिहायचो, ती टाइप करायची. तमिळ टंकलेखन, हायर परीक्षा, पहिला वर्ग. लग्नाआधीची. सातवं प्रकरण संपवलं आणि पुढच्या मंगळवारी बाजारातून येताना गेली. रस्त्यातच. काही बोलली नाही, बोलायला वेळच नव्हता. पण बघ, शेवटी आपलं लिहून गेली. माझ्या मजकुराच्या खाली, गुपचूप.”

मी कॉफी खाली ठेवली. आता बोलायचं वाक्य बदललं होतं आणि बदललेलं वाक्य मी जुळवून आणलं नव्हतं.

“आणि पावलं,” ते म्हणाले. “ती पावलं माझी. क्वार्टर्समध्ये आम्ही खाली राहायचो. मी संध्याकाळी यायचो आणि चप्पलसुद्धा न काढता सरळ गच्चीवर. वाऱ्याचा वेग लिहायला. सवय होती. वारा किती, आर्द्रता किती, उद्या मीठ किती धरेल. खाली येईपर्यंत ती ताट वाढून आत गेलेली असायची. एक्केचाळीस वर्षांचा संसार. मला वाटायचं, शांत स्वभावाची आहे.” त्यांनी चष्म्याखालून बोट घालून डोळा पुसला, ऑपरेशन झालेला. तेन्मोळी म्हणाली, “अप्पा, हात लावू नका म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी.” ते म्हणाले, “खारं पाणी जखमेला चांगलं असतं.” “तुमच्या पुस्तकात असेल,” ती म्हणाली आणि पेले उचलून आत गेली.

मीही हात धुवायचं निमित्त करून तिच्यामागे गेले. स्वयंपाकघरात तिनं पालेभाजी निवडायला घेतली आणि मान वर न करता हलक्या आवाजात बोलायला लागली. “अक्का, ते अम्मानं लिहिलेलं नाही. मला पहिल्या दिवशीच कळलं. अम्मा आणि वाट बघणार? दुपारी दार लावून रेडिओवर क्रिकेट ऐकत बसायची. फाटक वाजलं की म्हणायची, आले मीठराजे, कर गं बंद. त्यातून औषधाची बाटली. अम्मानं जन्मात काही घेतलं नाही, डोकं दुखलं तर कपाळावर सुंठ लावायची.” तिनं एक पान प्रकाशात धरून किडलेलं बघितलं आणि टाकलं. “ते अप्पांनीच लिहिलंय. अम्मा गेल्यावर, रात्री-बेरात्री. आता कबूल करायची लाज वाटते म्हणून तिच्या नावावर लोटतायत. मी पण बोलत नाही. चार महिने झाले, ते रोज मला विचारतात, तुझी अम्मा दिवसभर काय करायची? तिला काय आवडायचं? मामीला फोन, शेजाऱ्यांना फोन. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, राहू दे. खोटं असेना.” मग माझ्याकडे बघून, “तुम्ही वाचता का हो हे सगळं, का नुसतं मांडता?”

“मांडते,” मी म्हणाले.

“बरंय बाई.”

बाप म्हणत होता आईनं लिहिलं, मुलगी म्हणत होती बापानं. दोघं हुशार, दोघांचं शिक्षण विज्ञानाचं, दोघांनी उपलब्ध माणसांतून निष्कर्ष काढला होता. फाइल तिसऱ्या एका माणसाच्या हातातून गेली होती हे कुणाच्या मनातही आलं नाही. मला राग आला नाही. मी मोरीच्या नळाखाली हात धरून उभी होते आणि पाणी कोपरापर्यंत येऊ दिलं. कंपनीत एकदा एका परदेशी लेखकानं प्रस्तावनेत आभार मानले होते, संपादकाचे, बायकोचे, कुत्र्याचेही. त्या पुस्तकाची सहाशे समीकरणं मी बसवली होती. तेव्हाही राग आला नव्हता. कुत्र्याचं नाव नीट बसावं म्हणून मी अक्षरांमधलं अंतर थोडं कमी केलं होतं. आता सांगितलं तर या म्हाताऱ्या माणसाच्या मानेवरचं ओझं उतरलं असतं, आणि त्याच वेळी त्याच्या बायकोचं एकुलतं एक बोलणं त्याच्या हातातून गेलं असतं. नाही सांगितलं तर मी उरले नसते. तसंही मी किती उरले होते, हा प्रश्न मी नळ बंद करून तिथेच ठेवला.

बाहेर सार कागद मांडीवर घेऊन बसले होते. आठवं प्रकरण, मोठ्या तिरप्या अक्षरांत, चोवीस पानं. “आधी तो परिच्छेद,” ते म्हणाले. “त्याच्याखाली तिचं नाव घाल. उजवीकडे. आणि त्यातली शेवटची ओळ काढून टाक, औषधाची. ती काही जुळत नाही. ती औषध घेतच नव्हती. मी खूप विचार केला. बाकी प्रत्येक वाक्याचा अर्थ लागतो, त्याचा लागत नाही. टाइप करताना चुकून काहीतरी आलं असेल. नाहीतर तूच सांग, कुणाचं औषध?”

मी लॅपटॉप उघडत होते. शेवटचं पान पडद्यावर आलं होतं. तोंडून निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

“माझ्या आईचं,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे हिरवा चष्मा माझ्याकडे वळलेला राहिला. मी मग सगळं सांगितलं. प्रयोगवहीत लिहितात त्या क्रमानं : साहित्य, कृती, चूक कुठे झाली. चाचणी कशासाठी, अक्षरं का लागतात, शैली कशी पुसली गेली. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, “पुरावा?” मी फाइली उघडल्या. चाळीस पुस्तकांच्या कच्च्या प्रती, पोस्टमास्तरांची, भूगोलाच्या बाईंची, प्रत्येकीच्या शेवटी तीच सहा वाक्यं, तीच बाटली. सगळ्यात जुनी तारीख सहा वर्षांपूर्वीची. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि तारीख बोटानं वाचली. तेन्मोळी दारात येऊन उभी होती, हातात पालेभाजीची परात.

“कसलं औषध?” सारांनी विचारलं.

“पोटॅशियम क्लोराइड. पातळ. हृदयाच्या गोळ्यांनी पोटॅशियम कमी होतं म्हणून देतात.”

“म्हणजे मीठच.”

“मीठच, सार. दुसरं.”

ते मागे टेकले. मग ते म्हणाले, “म्हणजे सौंदरवल्ली काहीच बोलली नाही.”

तेन्मोळीनं परात टेबलावर ठेवली. “काय गरज होती हो?” ती मला म्हणाली. रागानं नाही. वर्गात चांगल्या मुलानं उत्तरपत्रिका कोरी ठेवली तर विचारतात तसं. तिच्या मनातला बापही त्याच क्षणी गेला होता, रात्री बसून बायकोसाठी लिहिणारा. मी एका वाक्यात दोघांकडून काढून घेतलं आणि मला त्यातून जे मिळालं ते फार थोडं होतं, एवढंच की खोलीत आता तीन माणसं होती.

“तिला नको बोलू,” सार म्हणाले. “बरोबर केलं तिनं. चुकीचा नमुना म्हणजे चुकीचा.” मग माझ्याकडे वळून, “कोदैम्मा, तू माझं पुस्तक वाचलंस?”

“नाही, सार.”

“एक पान?”

“नाही.”

“तीनशे बारा लोकांनी तुझं वाचलं. माझ्या घरात शिरून. आणि तू माझं एक पान वाचलं नाहीस!” त्यांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला आणि पुन्हा खाली आला. “काढ ते. तुझं तू घेऊन जा.”

मी परिच्छेद निवडला. खोडला नाही, कापून घेतला. कापलेला मजकूर पडद्यावरून जातो, पण यंत्र तो थोडा वेळ हातात धरून ठेवतं. पान आता सारांच्या वाक्यावर संपत होतं. ते वाक्य मी वाचलं. ‘शेवटचा थर कडू असतो, त्यात मॅग्नेशियम उरतं, म्हणून तो समुद्राला परत देतात.’ दोन वर्षं मी हे वाक्य समासात बसवलेलं होतं.

सारांनी कागद समोर घेतला आणि आठव्या प्रकरणाची पहिली ओळ पेनानं खोडली. ती काय होती ते मला उलटं दिसत होतं : वरचा परिच्छेद माझ्या पत्नीचा आहे. खोडून झाल्यावर ते उरलेल्या पानाकडे बघत बसले. खाली तेवीस पानं होती, सगळी विचारून विचारून मिळवलेली. रेडिओ होता, सुंठ होती, मामीनं सांगितलेली कुठलीशी निळी साडी होती. फक्त सुरुवात नव्हती.

“आता याला डोकं नाही,” ते म्हणाले.

“मग राहू द्या ना, अप्पा,” तेन्मोळी म्हणाली. “दुसरी आवृत्ती नाही काढली तर कोण फासावर देतंय?”

“तू गप्प बस. भाजी निवड.” मग मला, “लिही. तिनं काही लिहून ठेवलं नाही. स्वल्पविराम. म्हणून मी लोकांना विचारत गेलो.”

मी लिहिलं. लिहिताना वाचलं. हे मला सवयीचं नव्हतं, बोटं अडखळली. “सार, ‘उशिरा’ घालू का?” मी विचारलं. “म्हणून मी उशिरा लोकांना विचारत गेलो.”

त्यांनी डोळे मिटून ते मनात म्हणून बघितलं. “नको. ते वाचणाऱ्यांना कळेल.”

मी तो शब्द काढला. त्यांचं बरोबर होतं. तेन्मोळी भाजी निवडायची सोडून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, पडद्याकडे बघत. तिचा श्वास माझ्या खांद्याजवळ होता. इतक्या जवळ कुणी उभं राहिल्याला किती दिवस झाले ते मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. वाक्य मी चुकीच्या जागी टाइप केलं होतं, सातव्याच्या शेवटी, जिथे माझा परिच्छेद होता तिथे. ते आठव्याच्या डोक्यावर न्यायला हवं होतं. यंत्राच्या हातात अजून माझा कापलेला परिच्छेद होता, आणि तिथे एका वेळी एकच मजकूर मावतो. दुसरा उचलला की पहिला सुटतो, आणि तो सुटताना काही आवाज होत नाही. मी सारांचं वाक्य निवडलं आणि उचललं.